एकाच खनिजाचे दोन ग्रह

माणिक आणि नीलम एका हातात घालू नयेत, हे रत्नांच्या दुकानात जाणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांना कुणी न सांगता ठाऊक असते. माणिक रवीचे, नीलम शनीचा. शनी हा रवीचा मुलगा, आणि बापलेकांचे वैर पुराणांपासून चालत आलेले. माणकाने हृदयाला बळ येते, रक्त सुधारते, मंदावलेला अग्नी पेटतो, खचलेल्या माणसाला उमेद येते असे सांगतात. नीलम सांधेदुखी, वात, दमा, जुनाट दुखणी यांवर देतात. पण लाभला तर लाभला, नाहीतर होत्याचे नव्हते करतो, अशी त्याची धास्ती. म्हणून माणिक रविवारी सकाळी सोन्यात जडवून अनामिकेत घालायचे, आणि नीलम आधी दोन-तीन दिवस उशाखाली ठेवून किंवा निळ्या कापडात दंडाला बांधून पाहायचा. वाईट स्वप्न पडले, ठेच लागली, घरात भांडण झाले तर परत करायचा. ही सगळी व्यवस्था ज्या दोन दगडांवर उभी आहे, ते खनिज म्हणून एकच आहेत. दोन्ही कुरुंद. या एका गोष्टीचा अर्थ शेवटपर्यंत लावत नेला, तर रत्नांच्या औषधी गुणांबद्दल आपण जे मानतो त्यातले फार थोडे टिकते, असे माझे म्हणणे आहे. आणि जे टिकते, ते मानलेल्या गुणांपेक्षा मला जास्त मोलाचे वाटते.

कुरुंद आपल्याला परका नाही. धार लावायच्या चाकांत आणि दगड घासण्यासाठी त्याची पूड पूर्वापार वापरली जाते. ॲल्युमिनियमचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन, एवढीच त्याची घडण. अगदी शुद्ध असला तर तो पाण्यासारखा रंगहीन असतो. मोसच्या काठिण्यश्रेणीत त्याचा क्रमांक ९. त्याच्या वर फक्त हिरा. तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या तो सुमारे चौपट जड भरतो, त्याचा वक्रीभवनांक १.७६ ते १.७७ च्या आसपास असतो, आणि वितळायला त्याला दोन हजार अंश सेल्सियसहून जास्त उष्णता लागते. हे सारे आकडे माणकाचे आणि हेच नीलमाचे. रंग झाकून फक्त वजन, काठिण्य आणि वक्रीभवनांक मोजायला दिले, तर निष्णात रत्नपारखीसुद्धा माणिक कोणते आणि नीलम कोणता हे सांगू शकणार नाही. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिले तरी दोघांच्या पोटात बहुधा सारखेच दृश्य असते: रुटाइल नावाच्या खनिजाच्या केसाहून बारीक सुया, एकमेकींना साठ अंशांत छेदणाऱ्या, उजेडात रेशमासारख्या चमकणाऱ्या. पारखी त्यांना रेशीमच म्हणतात. या सुया दाट असल्या आणि खडा घुमटाकार घासला, तर माथ्यावर सहा किरणांची चांदणी उमटते. अशी चांदणी माणकातही दिसते, नीलमातही.

फरक आहे तो रंगाचा, आणि त्याचे कारण अगदी अल्प भेसळीत. कुरुंदातल्या काही ॲल्युमिनियम अणूंची जागा क्रोमियमने घेतली, तीही साधारण एक टक्क्याहून कमी, तर माणिक होते. क्रोमियम प्रकाशातला हिरवा-पिवळा आणि जांभळा भाग शोषून घेते, तांबडा पुढे जाऊ देते, आणि शिवाय शोषलेल्या ऊर्जेतून स्वतः तांबडा प्रकाश बाहेर टाकते. म्यानमारमधल्या मोगोकचे माणिक संगमरवरात घडलेले असते, त्यात लोह फार कमी असते, म्हणून अतिनील दिव्याखाली ते निखाऱ्यासारखे पेटते. थायलंडच्या माणकांत लोह जास्त, ते ही चमक दाबते, म्हणून ती माणके काळपट दिसतात. क्रोमियमऐवजी लोह आणि टायटॅनियम जोडीने आले, तेही टक्क्याच्या शंभराव्या हिश्श्यांत, तर एक इलेक्ट्रॉन लोहाकडून टायटॅनियमकडे उडी घेतो. त्या उडीला लागणारी ऊर्जा प्रकाशातल्या पिवळ्या-तांबड्या भागातून घेतली जाते आणि उरतो तो निळा. जम्मू-काश्मीरमध्ये किश्तवाडच्या पाडर भागात, सुमजाम गावाच्या वर सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर, १८८१ च्या सुमारास दरड कोसळून जो नीलम उघडा पडला, त्याच्या मखमली निळाईचे रहस्य या जोडीत आणि प्रकाश विखुरणाऱ्या अतिसूक्ष्म कणांत आहे. एकाच थानातले कापड दोन रंगांत बुडवावे, तसा हा प्रकार आहे.

हे ओळखायला युरोपला अठराव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. पुढे १८०२ मध्ये काउंट द बुर्नोन या खनिजशास्त्रज्ञाने रॉयल सोसायटीपुढे कुरुंदाचे सविस्तर वर्णन मांडले, त्यात पौर्वात्य माणिक आणि नीलम हे त्याचेच प्रकार म्हणून नोंदले. आपल्याकडच्या जुन्या रत्नपारख्यांना रसायन माहीत नव्हते, पण हात आणि डोळा पक्के होते. गरुडपुराणातल्या रत्नपरीक्षेत म्हटले आहे की पद्मराग, म्हणजे माणिक, ज्या कसोट्यांवर पारखायचा, त्याच कसोट्या इंद्रनीलालाही, म्हणजे नीलमालाही, लागू पडतात. मला हे वाक्य फार महत्त्वाचे वाटते. ज्यांनी दगड प्रत्यक्ष हाताळले, घासले, तोलले, त्यांना दोघांचे नाते जाणवले होते. वैर आले ते दुसऱ्या वाटेने.

ती वाट रंगाची. त्याच रत्नपरीक्षेत रत्नांची उत्पत्ती बल नावाच्या असुराच्या देहापासून सांगितली आहे: रक्तापासून पद्मराग, डोळ्यांपासून इंद्रनील, दातांपासून मोती, पित्तापासून पाचू. नवग्रह स्तोत्रात रवीचा वर्ण जास्वंदीसारखा आणि शनीचा निळ्या काजळासारखा. तांबडे ते रक्त, रक्त ते हृदय, हृदय ते सूर्य. निळे-काळे ते काजळ, काजळ ते शनी, शनी ते साडेसाती, साडेसाती ते जुनाट दुखणे. रसशास्त्रानेही रत्ने औषधात घेतली. ‘रसरत्नसमुच्चया’त माणिक्य दीपन करणारे, कफवात आणि क्षय हटवणारे म्हटले आहे, तर नील श्वास, कास आणि विषमज्वरावरचा. पोटात देण्याआधी रत्नाचे शोधन करायचे. माणकाला आम्लरस सांगितला आहे आणि नीलमाला नीळ देणाऱ्या वनस्पतीचा रस. निळ्याला निळे. इथे रंगच औषधाची दिशा ठरवतो, हे मला उघड दिसते, आणि त्यात त्या काळाची काही नालस्ती नाही. डोळ्यांना जे दिसते त्यावरून आतले गुण ओळखू पाहणे ही जगभरच्या प्राचीन वैद्यकाची पहिली पायरी होती.

मात्र ही साखळी निसर्गाने घातलेली असती, तर सगळीकडे तिची टोके एकाच ठिकाणी पोचली असती. तसे झालेले नाही. मध्ययुगीन युरोपात निळा हा स्वर्गाचा रंग. म्हणून नीलम बिशपच्या अंगठीत बसला, तो पावित्र्याचे आणि शीलाचे रक्षण करतो, अंगातला दाह शमवतो असे मानले गेले. त्याला उशाखाली ठेवून घाबरत पारखायची पद्धत तिथे नव्हती. १९८१ मध्ये ब्रिटनच्या युवराजाने वाग्दत्त वधूला दिलेल्या अंगठीत श्रीलंकेचा नीलमच होता. अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने १९१२ मध्ये जन्मरत्नांची यादी पक्की केली, तिच्यात सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या प्रत्येकाला नीलम आणि जुलैच्या प्रत्येकाला माणिक मिळाले. पत्रिका, महादशा, उशाखालची रात्र, काही नाही. शनिमाहात्म्याच्या पोथीतले विक्रम राजाचे हाल शनिवारी घरोघर वाचले जातात, अशा महाराष्ट्रात निळा खडा भीतीचा होतो; जिथे ती पोथी नाही तिथे तो वाङ्निश्चयाचा होतो. दगड मात्र दोन्हीकडे श्रीलंकेतल्या रत्नपुरच्या त्याच गाळातून आलेला असू शकतो.

आता आक्षेपांकडे येऊ. सर्वांत वजनदार आक्षेप असा: मूळ द्रव्य एक असेल, पण भेसळ थोडी असली म्हणून परिणाम थोडाच असतो असे कुठे आहे? विष चिमूटभरच पुरते. कोळसा आणि हिरा दोन्ही कार्बन, तरी गुण वेगळे. आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. विष काम करते कारण ते विरघळून रक्तात पोचते. माणकातले क्रोमियम ऑक्सिजनच्या जाळ्यात इतके घट्ट अडकलेले असते की घाम, साबण, लिंबाचा रस यांपैकी कशानेही ते सुटत नाही. ते सुटले असते तर पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली माणके फिकी पडली असती. आणि अणूंवरच ग्रह ठरत असतील, तर मग सीमारेषा दाखवावी लागेल. क्रोमियम कमी झाले की तांबड्याचा गुलाबी होतो. माणिक कुठे संपते आणि गुलाबी नीलम कुठे सुरू होतो यावर नामांकित प्रयोगशाळांचेही एकमत नसते. त्या पट्ट्यात रवीचा अंमल नेमका कुठे थांबतो? क्रोमियम आणि लोह-टायटॅनियम एकत्र आले की जांभळा कुरुंद होतो. बाजारात लाल झाक असलेल्याला खूनी नीलम, पिवळी झाक असलेल्याला पितांबरी नीलम म्हणतात. गुरूसाठी पुष्कराज म्हणून जो महाग पिवळा खडा आज विकला जातो, तोही बहुधा पिवळा कुरुंदच. म्हणजे रवी, शनी आणि गुरू हे तिघे एकाच खनिजात राहतात, आणि कधी कधी एकाच खड्यात.

उलट बाजूनेही पाहा. जो खडा माणिक नव्हताच, तो शतकानुशतके माणिक म्हणून पूजला गेला. ब्रिटिश राजमुकुटातले ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ आणि मोगल बादशहांची नावे कोरलेले ‘तैमूर माणिक’ ही दोन्ही प्रत्यक्षात स्पिनेल, म्हणजे आपली लालडी. त्यात मॅग्नेशियम असते, स्फटिकाची रचना वेगळी असते. ते अंगावर वागवणाऱ्या राजांना फरक जाणवला नाही. तो सांगितला खनिजशास्त्राने.

दुसरा आक्षेप किरणांचा. रत्न ग्रहाचे किरण गाळून शरीरात सोडते, असे अलीकडे विज्ञानाच्या भाषेत सांगितले जाते. पण शनीचा स्वतःचा दृश्य प्रकाश नाही; तो सूर्याचाच प्रकाश परत पाठवतो, आणि दुर्बिणीतून तो फिकट पिवळा दिसतो. तांबड्या किरणांनीच गुण येत असेल, तर अंगठीतल्या खड्यातून बोटाच्या इंचभर कातडीवर पडणाऱ्या प्रकाशापेक्षा साधा लाल दिवा कितीतरी जास्त देतो. शिवाय शुद्ध तांबड्या प्रकाशासाठी खाणीतले माणिक लागतच नाही. ओग्यूस्त व्हर्नुई या फ्रेंच रसायनज्ञाने १९०२ मध्ये ॲल्युमिनाची पूड ज्योतीत वितळवून माणिक बनवण्याची रीत जाहीर केली. ते काचेचे अनुकरण नव्हते. घटक, काठिण्य, वक्रीभवनांक, झळाळी सगळे खाणीतल्यासारखेच. या माणकांनी मनगटी घड्याळे चालवली. एचएमटीच्या कित्येक घड्याळांच्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ असे छापलेले असे. ते ज्वेल म्हणजे चक्रांच्या आसांखाली बसवलेले कृत्रिम माणकाचे बारीक मणी, आस झिजू नये म्हणून घातलेले. लग्नात भेट मिळालेले ते घड्याळ लाखो माणसांनी वर्षानुवर्षे डाव्या मनगटावर वागवले. त्यांत साडेसातीवालेही होते आणि रवी नीचीचा असलेलेही. आजच्या महागड्या घड्याळांची काच कृत्रिम नीलमाची, रंगहीन कुरुंदाची असते. ती उशाखाली ठेवून पारखावी असे कुणी सुचवत नाही.

यावर उत्तर मिळते की कृत्रिम खड्यात प्राण नसतो, किंवा तो अभिमंत्रित केलेला नसतो. सामर्थ्य मंत्रात असेल, तर दगड कोणता याला महत्त्व उरत नाही, आणि त्याच्या किमतीलाही. नैसर्गिक असण्यात असेल, तर दुसरी अडचण येते. १९७०च्या दशकात थाई व्यापाऱ्यांनी श्रीलंकेतले दुधाळ, टाकाऊ समजले जाणारे खडे स्वस्तात उचलले. तिथे त्यांना गेउडा म्हणतात. दीड हजार अंशांच्या वर भट्टीत तापवले की आतल्या रुटाइलच्या सुया विरघळतात, टायटॅनियम लोहाच्या शेजारी जाऊन बसते, आणि पांढरट दगड गर्द निळा होऊन बाहेर येतो. आज बाजारातली बहुतेक माणके आणि नीलम तापवलेलेच असतात. तो मान्यताप्राप्त व्यवहार आहे. तापवलेला खडा निष्प्रभ मानायचा, तर ज्यांना गुण आला त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हाती निष्प्रभ खडेच होते. प्रभावी मानायचा, तर शनीचे रत्न बँकॉकजवळच्या भट्टीत तयार होते हे स्वीकारावे लागेल.

तिसरा आक्षेप अनुभवाचा, आणि तो मी सर्वांत आदराने घेतो. ‘खडा घातला आणि बरे वाटू लागले’ असे सांगणारी माणसे खोटे बोलत नाहीत. त्यांना खरोखरच बरे वाटले असते. प्रश्न एवढाच की ते दगडाने वाटले का. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजचे मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी २००१ मध्ये ८० जणांवरचा एक प्रयोग मांडला. काहींच्या हाती खरा स्फटिक दिला, काहींच्या हाती तसाच दिसणारा नकली. हाताला ऊब, अंगात झिणझिण्या, मन शांत होणे हे अनुभव दोन्ही गटांना सारखेच आले. ज्यांना आधी अशा अनुभवांची कल्पना दिली होती त्यांना जास्त आले. हा प्रयोग गारगोटीच्या स्फटिकावरचा होता, माणकावरचा नव्हे, हे खरे. पण तो दाखवतो की अनुभव पुरेसा खरा असूनही कारण भलतेच असू शकते. सांधेदुखी, दमा, पित्त, उदासी ही सगळी चढउताराची दुखणी. माणूस उपाय शोधतो तो त्रास शिगेला पोचल्यावर, आणि शिगेनंतर बहुधा उतारच असतो. नीलमाच्या तीन दिवसांच्या परीक्षेचेही तेच. कुठल्याही घरातले कुठलेही तीन दिवस घ्या. काहीतरी सांडते, कुणीतरी रागावते, कुठलेतरी स्वप्न पडते. खडा नसताना ते विसरले जाते.

शिवाय खडा कोणता, हे पत्रिकेवरून ठरते, आणि पत्रिकेची परीक्षा महाराष्ट्रातच घेतली गेली आहे. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार मुले आणि बौद्धिक अपंगत्व असलेली मुले यांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून कुठली कोणत्या गटातली ते सांगितले. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार त्यांची सरासरी अचूकता निम्म्याहूनही कमी भरली. नाणे उडवून यापेक्षा वाईट निकाल लागला नसता. ज्या पत्रिकेतून मुलाच्या बुद्धीसारखी ठळक गोष्ट कळत नाही, तिच्यातून हृदयासाठी माणिक आणि गुडघ्यासाठी नीलम कसा निघेल?

भस्म आणि पिष्टीचे काय, असेही विचारतात, कारण तिथे दगड खरोखर पोटात जातो. इथे मला या खनिजाचा सर्वांत सुंदर गुण सांगायचा आहे. कुरुंद, म्हणजे ॲल्युमिना, शरीरात जवळजवळ काहीच करत नाही. तो विरघळत नाही, गंजत नाही, पेशींना खुपत नाही. नेमक्या याच गुणामुळे फ्रेंच शल्यविशारद पिएर बूतँ यांनी १९७० मध्ये ॲल्युमिनाचा कृत्रिम खुबा माणसाच्या शरीरात बसवला. त्यानंतर ॲल्युमिनावर आधारलेले सिरॅमिकचे सांधे जगभर रूढ झाले. आज वापरात असलेल्या एका प्रकारच्या खुब्याचा गोल गुलाबी असतो, कारण त्यात थोडे क्रोमियम ऑक्साइड असते. माणकाला तांबडे करणारे तेच क्रोमियम. शनीच्या रत्नाकडे सांधेदुखीसाठी डोळे लावून बसलेल्या माणसाचा पाय ज्या पदार्थाने पुन्हा चालता होतो, तो याच कुरुंदाच्या घराण्यातला आहे. तो कामी येतो कठीण, गुळगुळीत आणि अलिप्त असल्यामुळे.

माणकाचा प्रकाशही खरोखर उपचाराला लागला. १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात कृत्रिम माणकाच्या कांडीतून जगातला पहिला लेझर पेटवला, ६९४ नॅनोमीटरचा गर्द तांबडा. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये डोळ्याच्या पडद्यावरची गाठ या प्रकाशाने जाळण्यात आली. नंतर गोंदण आणि त्वचेवरचे काळे डाग घालवण्यासाठीही तो वापरला गेला. क्रोमियम हिरवा प्रकाश शोषून तांबडा परत देते, हा जो माणकाचा खास गुण वर सांगितला, त्याच्यातूनच हे सारे निघाले. माझ्या मते माणकाचे औषधीपण इथे आहे: मोजता येणारे, पुन्हा करून पाहता येणारे, आणि पत्रिका न पाहता प्रत्येकाला लागू पडणारे.

‘असू दे ना, श्रद्धेने कुणाचे काय बिघडते?’ हा शेवटचा आक्षेप. आजी-आजोबांची आठवण म्हणून, सौंदर्य म्हणून, मनाला आधार म्हणून कुणी अंगठी घालत असेल, तर त्याला हात लावायचा अधिकार कुणालाच नाही. बिघडते ते दोन ठिकाणी. छातीत दुखते म्हणून माणिक घेणारा माणूस ईसीजी पुढे ढकलतो. दम्याचा रोगी नीलम लाभतो का ते पाहीपर्यंत पंप बंद ठेवतो. यासाठीच १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या ताईत, मंत्र, कवच आणि तत्सम वस्तूंची जाहिरात करण्यास मनाई केली आहे. दुसरे ठिकाण खिसा. उपायासाठी घेणारे गिऱ्हाईक रत्तीवर आणि ग्रहावर लक्ष ठेवते, खड्यावर नाही. गेल्या वीसेक वर्षांत भेगाळलेल्या हलक्या माणकांत शिसेयुक्त काच भरून ती झकास दिसणारी करून विकली जाऊ लागली, आणि त्यांचे मोठे गिऱ्हाईक हेच. भिंगाखाली खडा सावकाश फिरवला की भेगांतून निळसर चमक उडते, हवेचे चपटे बुडबुडे दिसतात. विकत घेताना प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे, आणि त्यात खडा नैसर्गिक की कृत्रिम, तापवलेला की नाही, आणि काच भरलेली आहे का, या तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. अशा काचभरल्या खड्याला सोनाराच्या दिव्याची आच लागू देऊ नये आणि लिंबाच्या रसात बुडवू नये, कारण आम्लाने काच खाल्ली जाते आणि खड्यावर पांढऱ्या रेघांचे जाळे उघडे पडते. रसग्रंथांनी माणकाला आम्लातच शुद्ध करायला सांगितले होते, आणि अस्सल माणिक त्यातून जसेच्या तसे बाहेर येते.